माँट्रियल १९७६, ८०० मीटर: श्रीरामसिंगचा पहिला राउंड

फक्कीमास्तर (दारव्हा तालुका) | सोमवार, रात्री १०:२०

आज सकाळी आमच्या ग्राउंडवर एक पोट्टी लाइन ओलांडून तशीच पुढं गेली आणि बाभळीखाली तोंड फिरवून बसली. पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना भरतीत ८०० मीटर असतं, २ मिनिटं ५० सेकंदांत आली की २० पैकी २०. आमचं ग्राउंड २०० चं, म्हणजे चार राउंड. पहिल्या दोन राउंडला ही अशी सुटली की सोबतचे पोट्टेही मागं राहिले. ७८ सेकंद. मग जे व्हायचं ते झालं. मान मागं गेली, हात छातीशी आवळले, पाय गाळातून काढल्यासारखे. २:५३. पोरं हसली. एकजण म्हणाला, "पयल्याच राउंडले जीव टाकते, मंग काय होईन?"

मीही ओरडलो तिच्यावर, ते आधीच सांगून टाकतो. दम राखून पळ, किती वेळा सांगतलं वगैरे. अकरा वर्षं पोरांना हेच सांगत आलो आहे. संध्याकाळी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं, की ओलिंपिकच्या फायनलमध्ये एका भारतीयानं नेमकं हेच केलं होतं. त्याच्यावर आपण ओरडत नाही, कारण त्याचं नावच कुणाला ठाऊक नाही.

श्रीरामसिंग शेखावत. राजस्थानातल्या बडनगरचा, राजपुताना रायफल्सचा जवान. सैन्यात त्याला इलियास बाबर कोच म्हणून मिळाले आणि ८०० मीटर ही त्याची शर्यत ठरली. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये रौप्य, ब्रह्मदेशाचा जिमी क्रॅम्प्टन पुढं गेला. १९७२ ला म्युनिक ओलिंपिक, तिथं पहिल्या फेरीतच बाहेर. १९७४ ला तेहरानमध्ये १:४७.६ ची वेळ आणि सुवर्ण. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री हे सगळं माँट्रियलच्या आधीचं. इथवर ठीक आहे, एशियाडचे सुवर्णवाले आपल्याकडे बरेच होऊन गेले.

माँट्रियलला पहिल्या फेरीत हा गडी १:४५.८६ पळाला. सेमीफायनलला १:४६.४२, चौथा, आणि फायनलमध्ये. २५ जुलै १९७६ ला आठजण लाइनीवर उभे राहिले. क्युबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना, सहा फुटांच्या वर उंच, लोक त्याला घोडाच म्हणत. खरं तर ४०० चा माणूस. अमेरिकेचा रिक वोलहुटर, बेल्जियमचा इव्हो वान डाम, इंग्लंडचा विशीतला स्टीव्ह ओव्हेट. केनियाचा माइक बॉइटही असायला हवा होता. पण न्यूझीलंडच्या रग्बी संघानं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला म्हणून आफ्रिकेतले बहुतेक देश सामान बांधून परत गेले होते.

बंदूक झाली, आणि सगळ्यांच्या पुढं कोण, तर आपला श्रीरामसिंग. शेवटच्या राउंडची (तिथं राउंड ४०० चा, म्हणजे दोनच) घंटा वाजली तेव्हाही तोच पुढं. ४०० मीटर ५०.८५ सेकंदांत, हुआंतोरेना अगदी खांद्याशी. मग घोडा निघाला. १:४३.५०, विश्वविक्रम. वान डाम १:४३.८६, वोलहुटर १:४४.१२. श्रीरामसिंगला एकेकजण मागं टाकत गेला. तो सातवा, १:४५.७७. सहाव्या आलेल्या युगोस्लाव्हियाच्या धावपटूची वेळ १:४५.७५. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला दोन शतांश म्हणजे काय ते सांगायला नको. तळेगाव दशासरला एवढ्यानं जोडी गेली तर धुरकरी वर्षभर गावात मान खाली घालून फिरतो.

हुआंतोरेनानं आपल्या विक्रमाचं श्रेय श्रीरामसिंगच्या पहिल्या राउंडला दिलं, असं नेहमी सांगितलं जातं. आणि तो सातव्या नंबरचा १:४५.७७? तो आपल्या देशात ४२ वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून उभा होता. जून २०१८ ला गुवाहाटीत जिन्सन जॉन्सन १:४५.६५ पळाला तेव्हा मोडला. १२ शतांशांनी.

तर प्रश्न असा. तो पुढं पळाला हा वेडेपणा होता का? आणि मी पोट्टीवर ओरडलो ते बरोबर का?

---

कापूसकोंड्या | सोमवार, ११:०५

सर, धागा मस्त. पन मी तं म्हनतो वेडेपनाच. पुढच्यानं हवा कापाची अन् मलिदा मागच्यानं खाचा. वाऱ्याच्या तोंडाले सायकल हाना एक डाव दिग्रस ते दारव्हा, मंग समजते पुढं राहाचं काय होते तं. ट्रकच्या मागं लपलेला हुशार म्हनून नाई जितत, लपला म्हनून जितते.

पोट्टीवर ओरडाले नोको होतं पन. ते वेगळं.

---

घड्याळवाला (मूळ उमरखेड, सध्या पुणे) | सोमवार, ११:४८

फक्कीमास्तर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या शर्यतींची गल्लत झाली आहे.

१६०० मध्ये दम राखणं बरोबर. चारही चारशे जवळपास सारख्या वेळेत आले की निकाल चांगला लागतो. ८०० चं तसं नाही. ८०० च्या बहुतेक मोठ्या वेळा पाहा, पहिला राउंड दुसऱ्यापेक्षा जलद असतो. लंडन २०१२ मध्ये डेव्हिड रुडिशानं विश्वविक्रम केला, १:४०.९१. पहिला राउंड ४९.२८, म्हणजे दुसरा ५१.६३. तोही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढंच होता, पेसमेकर (वेग धरून द्यायला पुढं पळणारा) नाही, काही नाही. आणि त्याच्या मागं धावून आठवा आलेला माणूस १:४३.७७ पळाला. एकानं शर्यत ओढली की सगळेच ओढले जातात.

कारण साधं आहे. शरीराचा ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ण जोमात यायला सुरुवातीची पाऊण-एक मिनिटं जातात, तोवर साठ्यातली ताकद वापरावीच लागते. ८०० मध्ये साधारण दोन तृतीयांश ताकद ऑक्सिजनवरची, उरलेली साठ्यातली. हळू सुरुवात करून तो साठा शेवटासाठी वाचतो असं वाटतं, पण तेवढ्यात गेलेली सेकंदं शेवटच्या दीडशे मीटरमध्ये भरून निघत नाहीत. तितका वेळच नसतो.

आता श्रीरामसिंग. ५०.८५ आणि ५४.९२. चार सेकंदांचा फरक. हुआंतोरेनाचा त्याच शर्यतीत पावणेदोन सेकंदांच्या आसपास. म्हणजे आपला माणूस पहिल्या राउंडला फार तर एखाद्या सेकंदानं जास्त गेला. याला वेडेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. त्याच वेडेपणात त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ आली, हेही सोबत लिहा.

आता तुमची मुलगी. ७८ आणि ९५. सतरा सेकंद! ती जोरात सुटली हे चुकलेलं नाही, किती जोरात हे चुकलं. तिला पहिल्या दोन राउंडला ८३ च्या खाली येऊ देऊ नका. बघा काय होतं.

---

फक्कीमास्तर | मंगळवार, ००:१५

घड्याळवाले, हे वाचून जरा गपगार झालो. पोट्ट्यांना १६०० असतं, त्यांच्याकडं जास्त लक्ष, आणि तेच सूत्र मी इतकी वर्षं मुलींच्या ८०० ला लावत आलो. शारीरिक शिक्षणाची पदवी आहे माझ्याकडं, हेही लाजत सांगतो.

उद्या सकाळी ८३ चं सांगतो तिला.

---

निवृत्त_हवालदार | मंगळवार, पहाटे ५:४०

नमस्कार मास्तर. मी वाशिमचा. युनिटच्या टीममध्ये ५००० पळत होतो, मोठा काही नाही. पण आमचे उस्ताद श्रीरामसिंगांचं नाव काढताना कॅप सरळ करत, एवढं आठवतं.

कापूसकोंड्या भाऊ, ट्रकच्या मागं लपायचं ठीक आहे, पण ट्रक कोण आहे ते तर पाहा. हुआंतोरेना त्याच ओलिंपिकमध्ये चार दिवसांनी ४०० चं सुवर्णही घेऊन गेला, ४४.२६ मध्ये. अशा माणसाबरोबर पहिला राउंड ५३-५४ चा काढला तर शेवटच्या शंभराला काय होईल? तो एकदा पाय झटकेल आणि तुम्ही त्याची पाठ बघत राहाल. ४०० वाल्याला हरवायचं तर त्याचं शेवटचं झपाट्यानं सुटणं आधीच खलास करावं लागतं, आणि त्याला एकच रस्ता, पहिला राउंड इतका तेज ठेवायचा की त्याच्या पायात काही उरू नये. श्रीरामसिंगांनी तेच केलं. घोड्याच्या पायात तरीही उरलं, त्याला ते काय करणार?

डाव चुकला नाही. समोरचा त्याहून मोठा निघाला. फौजेत असं रोज होतं.

---

कापूसकोंड्या | मंगळवार, ८:२२

हे पटलं काका. माघार.

पन मले एक सांगा, एवढा मानूस असून आमच्या शाळेत कोनी नावबी नाई घेतलं त्याचं. मिल्खासिंग पाठ, पी. टी. उषा पाठ.

---

घड्याळवाला | मंगळवार, १०:३०

चौथा आलेला लक्षात राहतो, कारण त्याच्या नावापुढं "थोडक्यात हुकलं" जोडता येतं. मिल्खा १९६० ला चौथा, उषा १९८४ ला एक शतांशानं चौथी. सातव्याला काय जोडणार?

आणि दुसरं कारण गमतीचं आहे. १९७६ ला आपली हॉकीही सातवी आली. १९२८ पासून दर ओलिंपिकला हॉकीचं पदक येत होतं, ते पहिल्यांदा नाही आलं. कृत्रिम गवतावर खेळली गेलेली पहिलीच ओलिंपिक हॉकी. देशाला एकही पदक नाही. सातवा नंबर हा शब्दच त्या वर्षी शिवीसारखा झाला असणार. त्यात एक माणूस सातवा येऊन विक्रम करून गेला, ते कोण बघतो.

त्याच चमूतले शिवनाथसिंगही तसेच. माँट्रियलच्या मॅरेथॉनमध्ये ११ वे, आणि १९७८ ला जालंधरला २:१२:००. तो विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. तेही फौजी.

---

पराटीवाली | मंगळवार, दुपारी १:१५

वाचतेय. घड्याळवाले दादा, पुढं काय झालं श्रीरामसिंगचं? माँट्रियलनंतर संपला का?

---

घड्याळवाला | मंगळवार, २:०५

नाही हो. १९७८ च्या बँकॉक एशियाडला पुन्हा सुवर्ण, १:४८.८. १९८० ला मॉस्को ओलिंपिकला उतरला, ते त्याचं तिसरं. त्यानंतर १९८२ ला दिल्लीत चार्ल्स बोरोमिओनं ८०० चं सुवर्ण घेतलं, १:४६.८१ मध्ये. मग थेट २०१८ ला जकार्तात मनजीतसिंग. त्या शर्यतीत जिन्सन जॉन्सन दुसरा होता, ज्यानं दोनच महिन्यांपूर्वी श्रीरामसिंगचा विक्रम मोडला होता.

वाईट झालं ते वान डामचं. माँट्रियलला ८०० आणि १५०० दोन्हींत रौप्य, वय २२, आणि त्याच डिसेंबरात मोटार अपघातात गेला. ब्रसेल्सला त्याच्या नावानं अजून मोठी स्पर्धा होते.

---

वर्दीवाली | मंगळवार, रात्री ९:४०

मास्तर, मी भरतीतून निघालेली आहे, म्हणून लिहिते. गाव सांगत नाही.

आमच्या गावात ग्राउंडच नव्हतं. डांबरी रस्त्यावर किलोमीटरचा दगड ते नाल्याचा पूल असं पळायचे. पहाटे साडेचारला, कारण उजाडलं की माणसं थांबून बघत. बापू मागं सायकलवर, एका हातात बॅटरी. त्यांच्या सायकलच्या चेनीचा आवाज जवळ आला की मी वेग वाढवायची. दोन वर्षं तोच माझा कोच. सरळ रस्त्यावर मी २:४४ काढत होते, म्हणून बेफिकीर होते.

भरतीच्या दिवशी पायाला चिप बांधली, वीस-पंचवीस मुली एकदम सोडल्या. पहिल्याच वळणाला कुणाचं कोपर बरगडीत बसलं. मी घाबरून बाहेर सरकले आणि सगळी वळणं बाहेरूनच घेतली. आतून मुली एकमेकींना घासत होत्या, मला मोकळं वाटलं. २:५१ आले. एक सेकंद! दोन मार्क गेले. लेखीवर निघाले ते वेगळं.

नंतर एका सीनियर ताईनं समजावलं की वळण बाहेरून घेतलं की जास्त अंतर पळावं लागतं, त्याचे मार्क कुणी देत नाही. रस्त्यावर सराव केलेल्या मुलीला वळण माहीतच नसतं. म्हणून मला श्रीरामसिंगचं पुढं राहणं वेगळंच वाटलं. जो पुढं असतो त्याला आतली लाइन मिळते. कुणाचं कोपर नाही, कुणाला वळसा नाही. डाव वगैरे मोठ्या माणसांचा, माझ्यासारखीला एवढंही पुष्कळ.

आणि आतल्या लाइनीवरून आठवली शायनी अब्राहम. केरळची. १९८४ ला लॉस एंजेलिसला ८०० च्या सेमीफायनलपर्यंत गेली होती. १९८६ च्या सोल एशियाडला ८०० च्या फायनलमध्ये सगळ्यांच्या पुढं आली आणि बाद ठरली, कारण आपली लेन सोडून आत येण्याची जी खूण असते तिच्या आधीच आत आली. सुवर्ण गेलं. पुढं १९९२ ला बार्सिलोनात भारताचा झेंडा तिच्या हातात होता. ट्रेनिंगला असताना हे मी मुलींना सांगत असे, आत या, पण खुणेनंतर.

तुमच्या मुलीला वळणावर पळवा. गर्दीत पळवा, दोन-चार पोट्टे मुद्दाम तिच्या बाजूला सोडा. ८३ चं गणित नंतर.

---

कापूसकोंड्या | मंगळवार, ९:५८

ताई, बापूंच्या सायकलीले दंडवत.

---

पराटीवाली | मंगळवार, १०:१०

+१. डोळ्यात पाणी आलं.

अवांतर: माझी भाची पण करते तयारी. खिळ्याचे बूट घ्यावे का? दुकानदार आग्रह करून राहिला.

---

निवृत्त_हवालदार | मंगळवार, १०:२५

मुरमाच्या ग्राउंडवर खिळे नकोत, पोटऱ्या धरतील. साधे हलके जोडे, आणि ते भरतीच्या आधी महिनाभर पायात मुरलेले. नवा जोडा भरतीच्या दिवशी घालू नका. ते पैसे चणे, अंडी, शेंगदाणे-गुळावर घाला.

---

मोजणीदार | बुधवार, सकाळी ७:०५

इतके दिवस नुसता वाचक होतो, पण हा धागा माझ्या खात्याकडं आला म्हणून लिहितो. भूकरमापक होतो, आता निवृत्त. शंकू साखळीपासून जीपीएसपर्यंत सगळं ओढलंय.

वर्दीवाली ताईंचा मुद्दा मापात सांगतो. धावपट्टीची एक लेन १.२२ मीटर रुंद. एक लेन बाहेरून पूर्ण राउंड मारला तर जवळपास साडेसात मीटर जास्त पळणं होतं. गंमत अशी की ग्राउंड २०० चं असो की ४०० चं, हा वाढीव आकडा तोच राहतो, कारण तो फक्त वळणांतून येतो आणि दोन वळणं मिळून एकच वर्तुळ. म्हणजे लहान ग्राउंडवर तुम्ही तेवढ्याच अंतरात दुप्पट वेळा तो दंड भरता.

म्हणून मास्तर, एक विचारतो, राग मानू नका. तुमचं २०० चं ग्राउंड २०० चं आहे हे कुणी मोजलंय? आणि रेषेवर मोजलंय की रेषेच्या बाहेर? आत कठडा नसेल तर रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरून मोजायचं असतं. पळणारा रेषेवर पाय देत नाही ना.

---

फक्कीमास्तर | बुधवार, रात्री ९:३०

राग कसला. मीच आखलं होतं, पहिल्या वर्षी, दोरी आणि खुंटीनं. सरळ भाग ४० चे दोन, वळणाच्या मध्याला खुंटी आणि १९ मीटरची दोरी. बरोबर होतं तेव्हा.

त्यानंतर दर पावसाळ्यात फक्की धुऊन जाते आणि दिवाळीनंतर पोरं पुन्हा मारतात. हे लिहिताना माझ्याच पोटात जरा गोळा आला आहे.

---

फक्कीमास्तर | गुरुवार, सकाळी ८:४५

आज पळाली. वर्दीवाली ताई म्हणाल्या तसे तीन पोट्टे बाजूला सोडले, त्यांना कोपरं चालवायची मुभा दिली. एकाला तिनंच असं कोपर मारलं की तो पटावर आलेल्या गोऱ्ह्यासारखा बिथरून बाहेर गेला. पहिले दोन राउंड ८३. मी ओरडत होतो ‘थांब, थांब’, आणि ती दात खाऊन थांबत होती. जोरात पळण्यापेक्षा ते तिला जड गेलं. पुढचे दोन ८८. एकूण २:५१. मध्ये एक कुत्रं आडवं गेलं, त्याचं अर्धं सेकंद मी मनातल्या मनात वजा केलं आहे.

मान सरळ होती शेवटपर्यंत. पण "सर, अजून एक सेकंद" म्हणाली आणि पुन्हा बाभळीखाली.

---

घड्याळवाला | गुरुवार, ९:१०

सतराचा फरक पाचवर आला आणि दोन सेकंद सुटले, फक्त वाटणी बदलून. मास्तर, ताकद तीच आहे हो तिची.

---

मोजणीदार | गुरुवार, ९:५५

खुंटी कुठं आहे?

---

फक्कीमास्तर | गुरुवार, १०:०२

कुणीतरी बकरी बांधायला नेली, चार-पाच वर्षं झाली.

---

मोजणीदार | गुरुवार, १०:०६

रविवारी सकाळी येतो. टेप माझी. दोन पोरं आणि चहा तुमचा.

---

फक्कीमास्तर | रविवार, दुपारी १२:३०

मोजणीदार काका सात वाजता हजर. धोतर, डोक्याला गमछा, पन्नास मीटरची स्टीलची टेप. येताच आधी वळणाचा मध्य शोधला, रेषेवर तीन ठिकाणी दोऱ्या टाकून. तिथं जमिनीत हात घातला तर जुन्या खुंटीचं भोक सापडलं. मग म्हणाले, "धरा."

सरळ भाग चाळीस-चाळीसच निघाले. वळणं सरकलेली. पोरं दर वर्षी जुनी पुसट रेष पायानं चाचपत फक्की मारत गेली, आणि मारताना जरा बाहेरून, कारण आतली बाजू पळून पळून खचलेली, तिथं पाणी साचतं. दर वर्षी वीतभर. आज रेष पहिल्या वर्षीपेक्षा १.१ मीटर बाहेर आहे, दोन्ही वळणांना. काकांनी वहीत हिशेब दोनदा लिहिला आणि वही माझ्यापुढं केली.

राउंड २०७ मीटरचा.

चार राउंड म्हणजे ८२८. पोट्टीचे सोमवारचे २:५३ हिशेबानं ८०० ला २:४७ होतात, गुरुवारचे २:५१ म्हणजे २:४५. सोमवारी मी तिच्यावर ओरडलो तेव्हा ती २० पैकी २० होती. पोट्ट्यांचंही तसंच, त्यांचे १६०० म्हणजे १६५६ होत होते. जो तिला हसला होता त्याचे ५:२२ धरून हिशेब केला. मुलांना ५:१० ला पूर्ण मार्क. त्याचे आले ५:११.

पोट्टीला सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, म्हंजे मी तीन मैने रोज फुकटची जास्त पळाली?" मी म्हटलं हो. म्हणाली, "अन् तुम्ही ओरडले ते?" मी काकांकडं पाहिलं, काका टेप गुंडाळत होते.

नवी खुंटी लोखंडी सळईची ठोकली, डोकं जमिनीच्या खाली, बकरीवाल्याला दिसू नये म्हणून. दोरी आणून नवी फक्की मारली. जुन्या रेषेवर पाणी मारायला बादली आणली तर पोट्टीनं बादली धरली. म्हणे, "राहू द्या सर, सरावाले जुनीच बरी." तर आता ग्राउंडवर दोन रेषा आहेत.

---

वर्दीवाली | रविवार, १:१०

तिला माझा नमस्कार सांगा. आणि भरतीच्या दिवशी आतली रेष पकडायला सांगा, जुन्याची सवय लागू देऊ नका.

---

निवृत्त_हवालदार | रविवार, २:४५

काका, आमच्या इकडच्या ग्राउंडलाही या.

---

कापूसकोंड्या | रविवार, ४:२०

अन् तो ५:११ वाला पोट्टा? काय म्हने थो?

---

फक्कीमास्तर | रविवार, रात्री ८:००

तो जोड्याचा तळवा शिवायला आर्णीला गेला आहे. जाताना विचारत होता, पयला राउंड कितीत काढू.